हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ

दोन विमानतळांमधले हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरून त्या दोन ठिकाणांना जोडणाऱ्या सर्वांत जवळच्या मार्गाची लांबी. ही लांबी ठरलेली असते. विमानतळ जागचा हलत नाही तोवर ती बदलत नाही. उड्डाणाचा वेळ मात्र ऋतूनुसार, दिशेनुसार, विमानानुसार आणि कधी कधी दोन देशांच्या भांडणानुसारही बदलतो. त्यामुळे अंतर दुप्पट झाले म्हणून वेळ दुप्पट होत नाही, आणि जाण्याचा वेळ येण्याच्या वेळेइतका असतोच असे नाही.

हा फरक समजून घ्यायला तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातील नेरडीगोंडा हे गाव सोयीचे आहे. कडम नदीवरच्या कुंटाला धबधब्यामुळे या परिसराचे नाव परिचित आहे. नागपूरहून हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ गावावरूनच जातो. गावाच्या उत्तरेला नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळ सरळ रेषेत सुमारे २१० किलोमीटरवर आहे, तर दक्षिणेला हैदराबादचा शमशाबाद येथील राजीव गांधी विमानतळ सुमारे २३० किलोमीटरवर. पश्चिमेला नांदेडचा विमानतळ याहून जवळ, सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. आदिलाबाद शहराजवळ निजामकाळातली जुनी धावपट्टी असली तरी जिल्ह्यातल्या प्रवाशाला विमानासाठी बहुधा नागपूर किंवा शमशाबाद गाठावे लागते. दोन विमानतळांच्या जवळजवळ मधोमध असलेल्या या गावावरून आकाशातले बरेच हिशेब सहज मांडता येतात.

अंतर कसे मोजतात

प्रत्येक विमानतळाला एक संदर्भबिंदू दिलेला असतो. तो बहुधा धावपट्ट्यांच्या मध्याजवळ धरतात. त्याचे अक्षांश आणि रेखांश जाहीर असतात आणि दोन विमानतळांमधले अंतर या बिंदूंवरून काढले जाते. नागपूरचा बिंदू २१.०९ अंश उत्तर अक्षांश व ७९.०५ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर शमशाबादचा १७.२३ अंश उत्तर व ७८.४३ अंश पूर्वेवर.

अंतर थोडे असेल तर शाळेतले गणित पुरते. या दोन ठिकाणांच्या अक्षांशांत ३.८६ अंशांचा फरक आहे. या भागात अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटरचा असल्याने उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ४२७ किलोमीटर होते. रेखांशांत ०.६२ अंशाचा फरक आहे. रेखावृत्ते ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येत असल्यामुळे इथे रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटरचाच भरतो. म्हणून पूर्व-पश्चिम अंतर सुमारे ६५ किलोमीटर. या दोन बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण पायथागोरसच्या सिद्धांताने काढला की ४३२ किलोमीटर हे उत्तर मिळते. रस्त्याने हेच अंतर सुमारे ५०० किलोमीटर आहे. घाट, नद्या आणि गावे यांना वळसे घालताना मधले साठ-सत्तर किलोमीटर वाढतात.

अंतर हजारो किलोमीटरचे असेल तर हे गणित फसते, कारण मधली जमीन सपाट धरता येत नाही. पृथ्वी गोल मानली तर तिच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते त्याला बृहद्वृत्त म्हणतात. विषुववृत्त हे एक बृहद्वृत्त आहे. समोरासमोरची दोन रेखावृत्ते मिळूनही एक बृहद्वृत्त होते. पृष्ठभागावरच्या कोणत्याही दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग त्यांना जोडणाऱ्या बृहद्वृत्ताच्या लहान कंसावरून जातो. गोलीय त्रिकोणमितीने तो कंस पृथ्वीच्या केंद्राशी किती अंशांचा कोन करतो हे काढायचे आणि प्रत्येक अंशाला सुमारे १११.२ किलोमीटर धरून गुणायचे, की अंतर मिळते. शमशाबाद ते दुबई हा कोन सुमारे २२.९ अंशांचा असून अंतर सुमारे २,५५० किलोमीटर होते. मुंबई ते लंडन हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आणि मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे १२,५०० किलोमीटर आहे.

या पद्धतीला एक नैसर्गिक मर्यादाही आहे. पृथ्वीचा अर्धा परीघ सुमारे २०,००० किलोमीटर असल्याने कोणतेही दोन विमानतळ याहून दूर असूच शकत नाहीत. नेरडीगोंडापासून पृथ्वीवरचा सर्वांत दूरचा बिंदू १९ अंश दक्षिण अक्षांशावर, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला प्रशांत महासागरात पडतो.

हवाई वाहतुकीत अंतर किलोमीटरपेक्षा सागरी मैलांत मोजण्याचा प्रघात आहे. एक सागरी मैल १,८५२ मीटरचा असतो. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले तर एका भागाची, म्हणजे एका कलेची, लांबी साधारण एवढीच भरते. तासाला एक सागरी मैल या वेगाला नॉट म्हणतात. नागपूर ते शमशाबाद हे अंतर सुमारे २३३ सागरी मैलांचे आहे.

पृथ्वीचा आकार आणि हिंगणघाटची कबर

पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर, तर ध्रुवांशी सुमारे ६,३५७ किलोमीटर आहे. त्यामुळे गोल धरून काढलेल्या अंतरात अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक राहू शकते. मुंबई–लंडनसारख्या मार्गावर ही चूक काही किलोमीटरपासून तीस-पस्तीस किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. अचूक हिशेबासाठी ध्रुवांशी चपटा असलेला लंबगोल धरावा लागतो.

या लंबगोलाचे माप काढण्याच्या कामाचा नागपूर–हैदराबाद पट्ट्याशी जवळचा संबंध आहे. ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. पुढे या सर्वेक्षणातली त्रिकोणांची साखळी ७८ अंश पूर्व रेखांशाच्या आसपास कन्याकुमारीपासून उत्तरेकडे नेण्यात आली. तिचा एक टप्पा बिदर परिसरातून वऱ्हाडाकडे गेला. हैदराबादहून नागपूरकडे जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटनचा हिंगणघाट येथे मृत्यू झाला. त्याची कबर तिथेच आहे, आणि नेरडीगोंडाहून नागपूरला जाणारा आजचा महामार्गही हिंगणघाटवरूनच जातो. लॅम्बटननंतर जॉर्ज एव्हरेस्टने हे काम पुढे नेले. त्याने १८३० मध्ये मांडलेला पृथ्वीचा लंबगोल भारतीय नकाशांचा दीर्घकाळ आधार होता.

मात्र प्रत्येक देश आपापला लंबगोल धरू लागला तर एकाच धावपट्टीचे अक्षांश-रेखांश दोन नकाशांत शेकडो मीटरनी वेगळे येतात. विमानांना उपग्रहांवरून स्थान कळू लागल्यावर ही तफावत चालण्यासारखी राहिली नाही. म्हणून १९९८ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीसाठी डब्ल्यूजीएस-८४ ही एकच जागतिक प्रणाली प्रमाण मानली जाते.

शिकागोचा रस्ता भैंशावरून

बृहद्वृत्ताची गंमत सपाट नकाशावर दिसत नाही. भिंतीवरच्या नकाशात हैदराबाद आणि शिकागो यांच्यामध्ये पट्टी ठेवली तर रेषा अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेत शिरते. मर्केटर नकाशावरच्या या रेषेची खरी लांबी सुमारे १६,१०० किलोमीटर होते. बृहद्वृत्तावरचे अंतर मात्र सुमारे १३,३०० किलोमीटर आहे, म्हणजे तब्बल २,८०० किलोमीटर कमी. मर्केटर नकाशा ध्रुवांकडचा प्रदेश ताणून दाखवतो. त्यामुळे ध्रुवाजवळून जाणारी जवळची वाट त्यावर लांबचा वळसा वाटते.

शमशाबादहून शिकागोचे बृहद्वृत्त पश्चिमेकडे निघतच नाही. ते उत्तरेकडे, पश्चिमेला जेमतेम बारा अंश कलून निघते. निर्मल जिल्ह्यातला भैंसा, नांदेड जिल्ह्यातले हिमायतनगर, मग यवतमाळ आणि अमरावती जिल्हे अशी ही रेषा जाते. लॅम्बटन-एव्हरेस्ट यांची त्रिकोणांची साखळीही जवळजवळ याच पट्ट्यातून गेली होती. पुढे काश्मीर, पामीर, मध्य आशिया आणि रशिया ओलांडून ती नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर पोहोचते. ग्रीनलंडच्या ईशान्येला ७९ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढून ती कॅनडाच्या हडसन उपसागराकडे उतरते आणि तिथून शिकागो गाठते.

नेरडीगोंडा या रेषेच्या पूर्वेला पन्नासएक किलोमीटरवर राहते. तिथला शिकागोला निघालेला प्रवासी आधी सरळ दक्षिणेला शमशाबादला जातो. तिथून बृहद्वृत्ताने निघालेले विमान मात्र त्याला उत्तरेकडे, त्याच्याच गावाच्या जवळून परत नेते. एअर इंडियाने जानेवारी २०२१ मध्ये हैदराबाद–शिकागो थेट सेवा सुरू केली होती. सोळा-सतरा तासांचे ते उड्डाण बोईंग ७७७-२००एलआर या लांब पल्ल्याच्या विमानाने होत असे.

प्रत्यक्ष वाट जवळच्या वाटेपेक्षा लांब

बृहद्वृत्त ही गणिताची रेषा आहे, आणि विमान तिच्यावरून तंतोतंत उडत नाही. धावपट्टी ज्या दिशेला असेल त्या दिशेनेच उड्डाण करावे लागते. विमानतळाभोवती निघण्याच्या आणि उतरण्याच्या वाटा आखून दिलेल्या असतात. वारा उलटा असेल तर विमानतळाला वळसा घालून दुसऱ्या टोकाने उतरावे लागते. मधला प्रवास पाच अक्षरी नावांच्या ठरलेल्या बिंदूंना जोडणाऱ्या हवाई मार्गांनी होतो.

भारताचे आकाश दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार मुख्य उड्डाण माहिती क्षेत्रांत विभागलेले आहे. नागपूर मुंबई क्षेत्रात येते, तर हैदराबाद चेन्नई क्षेत्रात. म्हणजे तासाभराच्या नागपूर–हैदराबाद उड्डाणातही विमान एका क्षेत्राच्या नियंत्रकांकडून दुसऱ्याकडे सोपवले जाते. उंचीचेही नियम आहेत. साधारणपणे पूर्वेकडच्या अर्ध्या दिशांना जाणारी विमाने ३३,०००, ३५,००० अशा विषम हजार फुटांवर आणि पश्चिमेकडच्या दिशांना जाणारी ३४,०००, ३६,००० अशा सम हजार फुटांवर उडतात. हैदराबादहून नागपूरला जाणाऱ्या विमानाचा रोख उत्तरेकडून किंचित पूर्वेला असतो, तर दिल्लीला जाणाऱ्याचा किंचित पश्चिमेला. दोन्ही विमाने आदिलाबाद जिल्ह्यावरून उत्तरेकडेच जातात, तरी नियमाने एकाला विषम आणि दुसऱ्याला सम पातळी मिळते.

लांबच्या मार्गांवर अडथळे मोठे असतात. हिमालय आणि तिबेटच्या पठारावरून जाणे शक्यतो टाळतात. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर विमानाला काही मिनिटांत दहा हजार फुटांच्या आसपास उतरावे लागते, आणि तिथे जमीनच त्याहून उंच आहे. दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन बंद पडले तर ठरावीक वेळेत पर्यायी विमानतळ गाठता आला पाहिजे, हीही अट आहे. ध्रुवाकडच्या मार्गांवर असे विमानतळ विरळ असतात.

राजकारणाने वाट किती वाढते याची उदाहरणे अलीकडची आहेत. बालाकोटवरच्या भारतीय हवाई हल्ल्यानंतर फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानने आपले आकाश बंद ठेवले, तेव्हा दिल्लीहून इस्तंबूलला थेट जाणाऱ्या इंडिगोच्या विमानाला इंधनासाठी दोह्याला थांबावे लागले. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आकाश पुन्हा बंद केले, आणि उत्तर अमेरिकेकडच्या काही उड्डाणांना युरोपात इंधनाचा थांबा घ्यावा लागू लागला. विमानतळ तेच होते आणि अंतरही तेच होते. वाढले ते तास.

वेग आणि वेळ

वेळापत्रकातला वेळ हा हवेतला वेळ नसतो. विमान आपल्या जागेवरून हलले तेव्हापासून ते पोहोचल्यावर जागेवर उभे राहीपर्यंतचा हा काळ असतो. त्यात धावपट्टीपर्यंत संथपणे जाणे, रांगेत थांबणे, चढणे, समान उंचीवरचा प्रवास, उतरणे आणि पुन्हा जमिनीवरची चाल हे सगळे येते. शिवाय गर्दीच्या विमानतळांसाठी कंपन्या काही मिनिटे राखीव धरतात.

एअरबस ए३२० किंवा बोईंग ७३७ या जातीची विमाने पस्तीस हजार फुटांवर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जातात. बोईंग ७७७ सुमारे ८९० किलोमीटरने जाते. छोट्या शहरांना जोडणाऱ्या पंख्याच्या एटीआर ७२ विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो. मात्र हा वेग फक्त मधल्या टप्प्यात मिळतो. पस्तीस हजार फुटांवर पोहोचायला वीस-पंचवीस मिनिटे आणि दीड-दोनशे किलोमीटर लागतात. उतरतानाचा ठोकताळा असा की दर हजार फुटांना तीन सागरी मैल. त्या हिशेबाने पस्तीस हजार फुटांवरून उतरायला १०५ सागरी मैल, म्हणजे जवळपास १९५ किलोमीटर लागतात. दिल्लीहून शमशाबादला येणारे विमान म्हणूनच साधारण नेरडीगोंडा मागे टाकून निर्मलजवळ गोदावरीच्या पट्ट्यात आले की उतरायला लागते.

नागपूर–शमशाबाद मार्गाचे ४३२ किलोमीटर चढण्या-उतरण्यातच संपतात. जेट विमानाला इथे आपला पूर्ण वेग वापरायला जागाच मिळत नाही, त्यामुळे ते कमी उंचीवरूनच जाते. वेळापत्रकात या मार्गाला सव्वा तासाच्या आसपास लागतो, म्हणजे सरासरी वेग ताशी साडेतीनशे किलोमीटर. हैदराबाद–दिल्ली हे १,२६० किलोमीटरचे अंतर सव्वादोन तासांत तुटते आणि सरासरी ५६० पर्यंत जाते. शिकागोसारख्या मार्गावर ती ८०० च्या घरात पोहोचते. अंतर जितके लांब तितका चढण्या-उतरण्याचा आणि जमिनीवरचा वाटा कमी, आणि सरासरी वेग जास्त.

याच कारणाने विमानांच्या प्रगतीचा फायदाही सगळ्या मार्गांना सारखा झाला नाही. १९४९ मध्ये भारतात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून संध्याकाळनंतर निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची तिथे अदलाबदल होई आणि विमाने पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. नागपूर देशाच्या मध्यावर असल्याने चारही शहरांचे अंतर एका रात्रीच्या आवाक्यात येत होते. त्या काळच्या डकोटा विमानाचा वेग ताशी २७० किलोमीटरच्या आसपास होता. त्या वेगाने नागपूर–हैदराबादला दीड-पावणेदोन तास लागले असते. आज तिथे पाव ते अर्धा तासच वाचतो. लांबच्या मार्गावरचे चित्र वेगळे आहे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनला निघाले ते कैरो व जिनिव्हा येथे थांबत १० जूनला पोहोचले. आता मुंबई–लंडन विनाथांबा प्रवास नऊ-दहा तासांचा आहे.

वाऱ्याचा हात

विमानाचा वेग हवेच्या सापेक्ष असतो. हवाच वाहत असेल तर जमिनीच्या सापेक्ष वेग वाऱ्याइतका वाढतो किंवा घटतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर साधारण २५ ते ३० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात, सुमारे बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह असतो. त्याचा वेग अनेकदा ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर भरतो.

हैदराबाद–दुबई मार्गाचा हिशेब यावरून करता येतो. पश्चिमेचा वारा ताशी १०० किलोमीटर धरला तर दुबईकडे जाताना विमानाचा जमिनीवरचा वेग ८४० वरून ७४० वर येतो. परत येताना तो ९४० होतो. २,५५० किलोमीटरला जाताना सुमारे तीन तास सत्तावीस मिनिटे आणि येताना दोन तास त्रेचाळीस मिनिटे लागतात. पाऊण तासाचा हा फरक वेळापत्रकातही उतरतो. दुबईला जाताना साधारण चार तास आणि येताना साडेतीन तासांच्या आत-बाहेर दाखवलेले असतात. मुंबई–लंडन आणि मुंबई–न्यूयॉर्क मार्गांवरही भारताकडे येणारी उड्डाणे बहुधा लवकर पोहोचतात.

पावसाळ्यात दक्षिण भारतावरचे चित्र उलटते. जून ते सप्टेंबरमध्ये द्वीपकल्पावर, जेट विमानांच्या नेहमीच्या पातळीहून वर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा उष्णकटिबंधीय पूर्व जेट प्रवाह तयार होतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात त्याचा सविस्तर अभ्यास मांडला. याच्या खालच्या थरांतही वारे पूर्वेकडून असल्याने पावसाळ्यात दक्षिणेकडच्या शहरांहून आखाताकडे जाणाऱ्या विमानांना समोरच्या वाऱ्याचा त्रास कमी होतो. विमान कंपन्यांच्या उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकांत म्हणूनच उड्डाणाचा वेळ वेगळा असू शकतो. लांबच्या मार्गावर तर रोजच्या वाऱ्याचा अंदाज पाहून वाट आखली जाते. शंभर-दोनशे किलोमीटर जास्त उडून पाठीचा वारा मिळणार असेल तर ती लांबची वाटच वेळ आणि इंधन वाचवते.

घड्याळाचा घोळ

तिकिटावरच्या वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक वेळेनुसार असतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली असून जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. दुबई चार तास पुढे आहे, म्हणजे भारताच्या दीड तास मागे. शमशाबादहून सकाळी दहाला निघालेले विमान चार तासांनी पोहोचते तेव्हा दुबईत साडेबारा वाजलेले असतात. घड्याळ पाहिले तर अडीच तासच लागलेले दिसतात. परतीला रात्री दहाला निघून साडेतीन तासांचा प्रवास केला की हैदराबादेत पहाटेचे तीन वाजलेले असतात आणि घड्याळात पाच तास भरतात. दोन्ही मिळून साडेसात तासच होतात. वेळेचा फरक एका फेरीत वजा झालेला असतो, दुसऱ्या फेरीत मिळवलेला.

अमेरिकेच्या प्रवासात तारीखही बदलते. एअर इंडियाचे सॅन फ्रान्सिस्को–बेंगळुरू हे पहिले थेट उड्डाण ९ जानेवारी २०२१ रोजी झाले. कॅप्टन झोया अगरवाल, पापागारी तन्मयी, आकांक्षा सोनावरे आणि शिवानी मन्हास या महिला वैमानिकांनी ते विमान उत्तर ध्रुवावरून आणले. नियोजित वेळापत्रकानुसार विमान शनिवारी रात्री साडेआठला निघून सोमवारी पहाटे पावणेचारला पोहोचणार होते. घड्याळाप्रमाणे ही सव्वाएकतीस तासांची वाट होते. दोन्ही शहरांतला साडेतेरा तासांचा फरक वजा केला की खरा वेळ पावणेअठरा तास उरतो. अमेरिकेत आणि युरोपात उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, भारतात करत नाहीत. त्यामुळे भारताशी असलेला हा फरकही वर्षातून दोनदा बदलतो. न्यूयॉर्क हिवाळ्यात भारताच्या साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ तास.

जमिनीवरचे तास

प्रवाशाचा वेळ घराच्या उंबऱ्यापासून मोजायचा तर विमानातले तास हा त्याचा एक भागच असतो. निर्मल, आदिलाबाद, निजामाबाद आणि जगत्याल या जिल्ह्यांतून आखातात कामासाठी जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. नेरडीगोंडाहून दुबईला निघालेला कामगार निर्मल, आर्मूर, कामारेड्डी, मेडचल असा महामार्गाने जाऊन हैदराबादच्या बाह्यवळण रस्त्याने शमशाबादला पोहोचतो. पावणेतीनशे किलोमीटरच्या या वाटेला पाच तास धरावे लागतात. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तीन तास आधी पोहोचायचे, चार तास उडायचे आणि उतरल्यावर पारपत्र व सामानात तासभर घालवायचा. असे तेरा तास होतात आणि त्यातले जेमतेम चार विमानात जातात. २००८ मध्ये हैदराबादची नागरी वाहतूक बेगमपेठहून शमशाबादला हलली. त्यामुळे उत्तरेकडून येणाऱ्यांना शहर ओलांडून पलीकडे जावे लागू लागले. दुबईचे हवाई अंतर फारसे बदलले नाही, पण या प्रवाशांची रस्त्याची वाट वाढली.

नागपूरचा विमानतळ शहराच्या दक्षिणेला वर्धा मार्गावर आहे. आदिलाबादकडून येणाऱ्याला तिथे शहर ओलांडावे लागत नाही, आणि रस्त्यानेही ते काहीसे जवळ आहे. परंतु तिथून परदेशाला थेट जाणारी उड्डाणे मोजकीच असल्याने पुष्कळांना दिल्ली किंवा मुंबईला विमान बदलावे लागते. दोन उड्डाणांमधला थांबा दोन-चार तासांचा झाला की जवळच्या विमानतळाने वाचवलेला वेळ संपतो.

अंदाज कसा बांधावा

कोणत्याही दोन विमानतळांमधल्या वेळेचा ढोबळ अंदाज बांधता येतो. आधी अक्षांश-रेखांशांवरून बृहद्वृत्तावरचे अंतर काढावे. मध्यम पल्ल्याच्या जेटसाठी त्याला ८३० ने आणि लांब पल्ल्याच्या विमानासाठी ८९० ने भागावे. आलेल्या तासांत चढणे, उतरणे व जमिनीवरची चाल यांची चाळीस मिनिटे मिळवावीत. नागपूर–शमशाबादला या रीतीने एक तास अकरा मिनिटे येतात, हैदराबाद–दिल्लीला दोन तास अकरा मिनिटे आणि हैदराबाद–दुबईला तीन तास चव्वेचाळीस मिनिटे. तिन्ही उत्तरे वेळापत्रकाच्या जवळ आहेत. दुबईचे उत्तर तर जाण्याच्या आणि येण्याच्या वेळांच्या बरोबर मध्ये पडते.

पाच-सहा हजार किलोमीटरांच्या पुढे दोन दुरुस्त्या लागतात. वाट वाकडी होते म्हणून अंतरात काही टक्के वाढवावे लागतात, आणि पूर्व-पश्चिम प्रवासात वाऱ्यासाठी अर्धा ते एक तास कमी-जास्त करावा लागतो. शिकागोसाठी नुसत्या वरच्या रीतीने पंधरा तास सदतीस मिनिटे येतात आणि या दुरुस्त्यांनी ते सोळा-सतरा तासांवर जातात. मार्गातले एखादे आकाश बंद असेल तर हा अंदाज चालत नाही. तेव्हा विमान प्रत्यक्षात कोणत्या वाटेने जाते ते पाहून त्या वाटेच्या लांबीवरूनच वेळ काढावा लागतो.